मिसोरा हिबारी कोण होती आणि तिचे गाणे कसे ऐकावे?

जपानी भाषा शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, त्यांच्या वर्गात जपानी शिक्षिकेने मिसोरा हिबारीचे एक गाणे लावले, ते ऐकताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, वर्गाला मात्र ते संथ आणि काहीसे रडके वाटले. या गायिकेला जपानमध्ये एवढा मान का, तिला ‘जपानची लता’ म्हणतात ते कितपत खरे, आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी सुगम संगीत शिकवते. या कामाला तीस वर्षे होत आली आणि त्यातली सहा वर्षे मी योकोहामात होते, म्हणजे हिबारीच्याच गावात. सुरुवातीला मलाही तिचे गाणे अवजड वाटले होते. माझा कान उघडला तो तिची दुःखे कळल्यामुळे नव्हे, तर ती गळ्याने नेमके काय करते हे उमगल्यामुळे, म्हणून तिचे आयुष्य सांगताना मी पुन्हा पुन्हा आवाजाकडे येणार आहे.

तिचे खरे नाव कातो काझुए. जन्म २९ मे १९३७ चा, योकोहामाच्या इसोगो भागातला. वडिलांचे मासळीचे दुकान होते आणि गाण्याची आवड आई किमिएला. १९४३ मध्ये वडिलांना नौदलात बोलावणे आले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला जमलेल्या लोकांपुढे सहा वर्षांच्या काझुएने युद्धात मुलगा गमावलेल्या आईचे एक गाणे म्हटले आणि ऐकणारी मोठी माणसे रडू लागली. आईने ते पाहिले. पोरीच्या गळ्यात माणसे हलवण्याची ताकद आहे हे तिने त्या दिवशी ओळखले आणि पुढची अडतीस वर्षे, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, ती मुलीच्या पाठीशी, कधी कधी तर मुलगी आणि जग यांच्या मध्ये, उभी राहिली. २९ मे १९४५ रोजी, काझुएच्या आठव्या वाढदिवशी, अमेरिकी विमानांनी योकोहामा जाळले. युद्ध संपल्यावर वडील परतले आणि आईने पदरमोड करून शेजारपाजारच्या वादकांचा एक छोटा वाद्यवृंद उभा केला. त्याच्या साथीने ही मुलगी स्थानिक रंगमंचांवर गाऊ लागली. लोकांकडे खायला पुरेसे नव्हते, पण गाणे ऐकायला ते येत होते.

१९४६ च्या अखेरीस ती एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या हौशी गायकांच्या रेडिओ स्पर्धेत गेली. तिथे गाणे पसंत पडले की घंटा वाजे. तिने त्या काळी सगळ्यांच्या तोंडी असलेले सफरचंदाचे गाणे म्हटले आणि ते चांगले म्हटले, तरी घंटा वाजली नाही. परीक्षकांची अडचण अशी होती की नऊ वर्षांच्या मुलीने बाईसारखे गावे हे त्यांना लहान मुलाला न शोभणारे वाटले. हा प्रसंग वाचला की मला आपला कुमार गंधर्व आठवतो. लहानपणी तोही मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी आणि ऐकणारे अवाक होत. आपल्याकडे त्याला दैवी देणगी म्हटले, तिकडे या मुलीच्या गाण्यात परीक्षकांना काहीतरी अनैसर्गिक दिसले. दोघांचे भांडवल मात्र एकच होते, जे ऐकले ते सुरासकट, श्वासासकट आणि उच्चारासकट उचलणारा कान.

पुढे एका स्पर्धेत संगीतकार कोगा मासाओ यांनी तिला ऐकले. जपानी लोकप्रिय संगीतात त्यांचा शब्द मोठा होता. ही मुलगी आता स्पर्धांच्या पलीकडे गेली आहे, असा अभिप्राय त्यांनी दिला. हे नाव लक्षात ठेवावे, कारण जवळजवळ वीस वर्षांनी ते या गोष्टीत पुन्हा येणार आहे. १९४७ च्या एप्रिलमध्ये शिकोकू बेटावर दौऱ्यात असताना कोची प्रांतात तिच्या बसला भीषण अपघात झाला आणि ती मरता मरता वाचली. वडिलांनी गाणे बंद करण्याचा आग्रह धरला, तो मायलेकींनी मानला नाही. पुढच्याच वर्षी ती योकोहामाच्या कोकुसाई थिएटरमध्ये उभी राहिली आणि मिसोरा हिबारी हे नाव रुळले. मिसोरा म्हणजे सुंदर आकाश आणि हिबारी म्हणजे चंडोल. कावादा हारुहिसा नावाच्या गुणी विनोदी कलावंताने तिला आपल्या पंखाखाली घेतले आणि रंगमंचावर उभे कसे राहावे, प्रेक्षक कसे पेलावेत, हे ती त्याच्याकडून शिकली.

त्या वेळी जपानमध्ये कासागी शिझुको ही गायिका गाजत होती. हात्तोरी र्‍योइची यांच्या चालीवरचे तिचे ‘टोकियो बूगी-वूगी’ १९४८ मध्ये घरोघरी पोचले होते. हिबारी कासागीची गाणी तिच्या हातवाऱ्यांसकट म्हणत असे, म्हणून लोक तिला ‘बेबी कासागी’ म्हणू लागले. जानेवारी १९४९ मध्ये टोकियोच्या एका मोठ्या थिएटरात गाण्याआधी कासागीकडून निरोप आला की तिचे नवे गाणे हिबारीने म्हणू नये, हवे तर ‘टोकियो बूगी-वूगी’ म्हणावे. १९५० मध्ये हिबारी हवाई आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली, तेव्हा हात्तोरींची गाणी तिथे गाण्यास मनाई झाली, कारण कासागी आणि हात्तोरी यांचा दौरा त्यानंतर लगेचच होता. जपानी चरित्रपटांत या प्रकरणी कासागीला अनेकदा खलनायिका करतात, ते मला पटत नाही. आपले गाणे दुसऱ्याने आधी जाऊन म्हटले तर आपल्या कार्यक्रमाला कोण येणार, ही कोणत्याही व्यावसायिक गायिकेची रास्त चिंता आहे. हिबारीच्या दृष्टीने मात्र या मनाईचा फायदाच झाला, कारण आता तिला स्वतःच्या गाण्यांवाचून गत्यंतर उरले नाही.

तशी गाणी मिळायला १९४९ मध्येच सुरुवात झाली होती. कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीने तिची पहिली ध्वनिमुद्रिका काढली आणि त्याच वर्षी ‘कानाशिकी कुचिबुए’, म्हणजे ‘उदास शीळ’, हा चित्रपट आणि त्यातले त्याच नावाचे गाणे आले. त्यात बारा वर्षांची हिबारी उंच काळी हॅट आणि शेपटीचा कोट घालून, पुरुषी ऐटीत, खालच्या सुरात गाते. योकोहामाच्या नोगे भागात याच वेशातला तिचा पुतळा आहे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो इतका लहान असेल असे मला वाटले नव्हते. मोठ्या माणसाचे कपडे चढवलेले ते लहान मूल आहे, हे पुतळ्यासमोर उभे राहिल्यावरच जाणवते, आणि तेव्हाच्या टीकाकारांना काय खुपले असेल तेही कळते. कवी सातो हाचिरो यांनी तर वृत्तपत्रात तिच्यावर अत्यंत कठोर लिहिले. मुलांनी मुलांसारखे असावे या त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पण १९४९ च्या जपानमध्ये अनाथ मुले स्टेशनांवर झोपत होती आणि बूट पुसून पोट भरत होती. या पोरांना पोरपण कुठले? पुढच्या वर्षीच्या ‘टोकियो किड’ मध्ये हिबारी असेच रस्त्यावरचे, खिशात स्वप्ने घेऊन हिंडणारे मूल झाली. तिच्या आवाजातले प्रौढपण त्या पिढीला ओळखीचे वाटले ते यामुळे.

आता एक गाणे जवळून पाहू. ‘रिंगो ओइवाके’ १९५२ चे, योनेयामा मासाओ यांच्या चालीचे आणि मुळात एका रेडिओ नाटकासाठी केलेले. तेव्हा हिबारी जेमतेम पंधरा वर्षांची होत होती. ओइवाके हा जपानी लोकगीतांचा जुना प्रकार आहे. घोड्यावर माल लादून डोंगरवाटेने जाणाऱ्यांची ही लांब, तालात न बांधलेली हाक आहे. गाण्यात मागे घोड्याच्या टापांचा ठेका चालू असतो आणि त्यावर हिबारी सुरुवातीची ओळ जणू ठेका तिथे नाहीच अशी मोकळी सोडते, आपल्याकडे आलाप सोडावा तशी. शब्द थोडेच आहेत, सफरचंदाच्या पाकळ्या वाऱ्याने गळाल्या एवढेच. पण एकेका अक्षरावर ती छोटी छोटी वळणे घेते. जपानीत त्यांना ‘कोबुशी’ म्हणतात. आपल्या मुरकीशी त्यांचे नाते लागते, फरक एवढाच की मुरकी सुरांच्या साखळीतून फिरते, तर कोबुशी सुराला क्षणभर मुरड घालून पुन्हा त्याच जागी आणून ठेवते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ओळ वर चढते तशी ती छातीचा भरीव आवाज सोडून एकदम पातळ, खोट्या आवाजात जाते आणि तितक्याच सहज खाली उतरते. माझ्या विद्यार्थिनींना मी हा तुकडा मंद गतीने ऐकवते आणि दोन आवाजांचा सांधा कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगते. बहुतेकींचे बोट उशिरा पडते. गळा बदलताना साधारण गायकाचा आवाज एक तर फाटतो, नाही तर तो ती जागा लपवायला जोर लावतो. हिबारी सांधा लपवत नाही आणि फाटूही देत नाही, ती त्याचाच अलंकार करते. मधल्या भागात ती उत्तर जपानमधल्या त्सुगारू भागाच्या बोलीत नुसती बोलते, आईवेगळ्या मुलीचे बोलणे, आणि त्यातून पुन्हा सुरात शिरते. बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले हेही नीट सांगता येत नाही. हे सारे वयाच्या पंधराव्या वर्षी, आणि स्वरलिपी वाचता येत नसताना.

होय, तिला स्वरलिपी वाचता येत नव्हती, सगळे कानानेच घेतलेले. इंग्रजी गाणीही तिने अशीच उच्चार ऐकून बसवली. १९५५ मधले तिचे ‘टेक द ए ट्रेन’ आणि १९६५ मध्ये अमेरिकी जॅझ गायक नॅट किंग कोलच्या स्मरणार्थ केलेला संग्रह जरूर ऐका. जॅझचा झुलता ताल तिच्या अंगात आहे, शब्द मागे रेंगाळतात आणि वेळेवर पोचतात. १९५२ चे ‘ओमात्सुरी माम्बो’ तर देवाच्या उत्सवातली गर्दी आणि क्यूबाचा माम्बो यांची भन्नाट मिसळ आहे. म्हणून तिला केवळ ‘एन्काची सम्राज्ञी’ म्हणतात ते मला अपुरे वाटते. दारू, बंदर, विरह अशी जी जपानी गाणी एन्का म्हणून ओळखली जातात, त्यांना हे नाव सर्रास मिळाले ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर हिबारी वीस वर्षे सगळ्या प्रकारचे गात होती.

ती गाणी आपल्या कानाला ‘रडकी’ का वाटतात याचे एक कारण सुरांतही आहे. जपानी लोकप्रिय संगीतातली बरीच गाणी ‘योनानुकी’ या सप्तकावर बांधलेली आहेत, म्हणजे चौथा आणि सातवा सूर वर्ज्य. शुद्ध सुरांत हे केले की सा रे ग प ध, म्हणजे सरळ आपला भूप. त्याचे उदास रूप गंधार आणि धैवत कोमल करून होते. शिवरंजनीचा धैवत कोमल केला तर जो रंग येईल तो. कोगा मासाओंच्या चालींचा हा आवडता साचा होता. पेटीवर हे पाच सूर वाजवून पाहा आणि मग गाणे ऐका, परकेपणा निम्मा गळून पडतो.

‘जपानची लता’ या उपमेबद्दल. दोघींनी लहान वयात घराचा भार उचलला आणि दोघींवर आधी नकलेचा शिक्का बसला, इथवर साम्य आहे. पण लताबाई पडद्यामागून असंख्य नायिकांना आवाज देत होत्या, तर हिबारी स्वतः पडद्यावर होती, दीडशेहून अधिक चित्रपटांत. १९५५ पासून एरी चिएमी आणि युकिमुरा इझुमी यांच्यासोबत ‘तीन मुली’ म्हणून तिचे रंगीत संगीतपट आले, आणि १९५८ पासून तोएई कंपनीच्या ऐतिहासिक चित्रपटांत तिने तलवार घेतली. त्यांत अनेकदा ती पुरुषवेशात असे. गाणारा, अभिनय करणारा, एका देहात स्त्री-पुरुष दोन्ही वागवणारा असा कलावंत मराठी माणसाला शोधायचा असेल तर त्याने पार्श्वगायनाकडे जाऊ नये, संगीत रंगभूमीकडे जावे. बालगंधर्वांच्या आठवणी सांगणाऱ्या जुन्या माणसांचा जो स्वर असतो, तो मी योकोहामातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून हिबारीविषयी ऐकला आहे.

लौकिक आयुष्यात सुख बेताचेच. १३ जानेवारी १९५७ ला आसाकुसाच्या थिएटरात तिच्याच वयाच्या, एकोणीस वर्षांच्या एका चाहतीने तिच्या तोंडावर आम्ल फेकले. सुदैवाने चेहऱ्यावर व्रण राहिले नाहीत. १९६२ मध्ये नट कोबायाशी आकिराशी लग्न झाले आणि दोन वर्षांत ते संपले.

त्यानंतर मात्र गाण्याचा सर्वांत भरजरी काळ आला, आणि तिथे कोगा मासाओ पुन्हा येतात. टोकियो ऑलिंपिकच्या वर्षी, १९६४ मध्ये, त्यांनी तिला ‘यावारा’ दिले. ज्यूदोवरचे हे ठाशीव गाणे दहा लाखांहून खूप अधिक खपले आणि त्याला १९६५ चा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये त्यांचेच ‘कानाशिइ साके’ आले, ‘दुःखाची दारू’. तुमच्या बाईंनी लावलेले गाणे बहुधा हेच असावे. तिची रंगमंचावरची चित्रफीत पाहताना एकदा फक्त चेहरा पाहा आणि एकदा डोळे मिटून फक्त ऐका. गिटारचे उदास सूर संपतात आणि ती पहिली ओळ अगदी खालच्या पट्टीत, जवळजवळ कुजबुजत सुरू करते. शब्दाचा शेवट ती ताणत नाही, श्वासात विरघळू देते. शेवटाकडे तिच्या गालांवरून खरोखर अश्रू ओघळतात, आणि सूर तसूभरही हलत नाही. रडताना घसा आवळतो, हे कोणत्याही गाणाऱ्याला ठाऊक आहे. डोळे वाहत असताना घसा मोकळा ठेवणे ही गोष्ट मी आजवर शिकवू शकलेले नाही. वर्षांगणिक तिने याची लय आणखी धिमी केली आणि त्या धिमेपणात श्वास पुरवला. तुम्हाला जो संथपणा कंटाळवाणा वाटला, तो निभावणे हीच तिथली करामत आहे. आणि याच बाईने १९६७ मध्ये आखूड स्कर्ट घालून ‘ब्लू कॉमेट्स’ या तरुण वाद्यवृंदाबरोबर ‘माक्काना ताइयो’ हे धडाडीचे पॉप गाणेही म्हटले.

एक काळी बाजू टाळता येणार नाही. युद्धोत्तर जपानमध्ये कलावंतांचे दौरे आणि थिएटरांची सोय बऱ्याच अंशी गुंडांच्या टोळ्यांच्या हाती होती, आणि हिबारीचा संरक्षक झाला तो यामागुची-गुमी या टोळीचा प्रमुख ताओका काझुओ. पुढे तिचा भाऊ कातो तेत्सुया याला अटक झाली आणि १९७३ मध्ये गावोगावच्या सार्वजनिक सभागृहांनी तिला दारे बंद केली. वर्षअखेरीच्या एनएचकेच्या ‘कोहाकू’ या गाण्यांच्या महोत्सवात ती १९५४ पासून गात आली होती आणि वर्षानुवर्षे शेवटचे मानाचे गाणे तिचे असे. तिथूनही तिचे नाव गळले. भावाला कार्यक्रमांतून दूर कर, एवढीच अपेक्षा होती. मायलेकींनी ती मानली नाही. सभागृहांचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, पण बहिणीचा हट्टही मला कळतो. १९७९ मध्ये ती ‘कोहाकू’ मध्ये खास पाहुणी म्हणून एकदा परतली.

या पडत्या काळातच, १९७४ मध्ये, हिरोशिमाच्या शांतता संगीत महोत्सवात तिने ‘इप्पोन नो एन्पित्सु’, म्हणजे ‘एक पेन्सिल’, हे गाणे म्हटले. त्यात तिची एरवीची वळणे जवळजवळ नाहीत, आवाज सरळ आणि उघडा आहे. ज्याला अलंकार येतात त्यानेच ते उतरवून ठेवावेत, तेव्हा काय होते ते इथे ऐकू येते. तालमीच्या वेळी थंड खोलीत बसण्याची सोय केली होती. अणुबाँब पडला त्या दिवशी हिरोशिमातल्या माणसांना याहून किती उष्ण झाले असेल, असे म्हणून ती उन्हातच थांबली, अशी आठवण सांगतात.

१९८१ मध्ये आई गेली, १९८२ मध्ये मैत्रीण एरी चिएमी गेली, मग १९८३ आणि १९८६ मध्ये दोन्ही भाऊ. एप्रिल १९८७ मध्ये हिबारीला फुकुओकात रुग्णालयात दाखल केले. यकृताचा जुनाट विकार होता आणि दोन्ही मांड्यांच्या हाडांची खुब्यातली टोके रक्तपुरवठ्याअभावी झिजून गेली होती. पाऊल टाकणेही यातनामय होते. वर्षभराने, ११ एप्रिल १९८८ रोजी, नव्याने उघडलेल्या टोकियो डोममध्ये ती सुमारे पन्नास हजार लोकांपुढे उभी राहिली आणि चाळीसेक गाणी गायली. बाहेर रुग्णवाहिका तयार होती. शेवटचे गाणे ‘जिनसेई इचिरो’, आयुष्याची एकच वाट. त्याची चाल भाऊ तेत्सुयाची, ज्याच्यापायी ‘कोहाकू’ गेले त्याच भावाची. ते संपल्यावर ती शंभर मीटर लांबीच्या मार्गावरून एकटी चालत गेली. चित्रफितीत तिचा तोल नीट पाहिला तर प्रत्येक पावलाची किंमत दिसते.

जानेवारी १९८९ मध्ये, सम्राटाच्या निधनाने शोवा युग संपून हेइसेई सुरू झाल्यावर तीनच दिवसांनी, ‘कावा नो नागारे नो यो नि’ हे गाणे बाजारात आले, ‘नदीच्या प्रवाहासारखे’. शब्द आकिमोतो यासुशी यांचे, चाल मिताके आकिरा यांची, दोघेही तिच्याहून पुढच्या पिढीचे. फेब्रुवारीत कोकुरा इथे ती शेवटची रंगमंचावर आली आणि २४ जूनला टोकियोत न्यूमोनियाच्या एका प्रकाराने वारली. वय ५२. सरकारने तिला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला, तो मिळवणारी ती पहिली स्त्री. २०१९ मध्ये तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्राने तिचा आवाज घडवून ‘कोहाकू’ मध्ये नवे गाणे सादर झाले. काहींना भरून आले, काहींना तो मृताचा अवमान वाटला. मी ते बारकाईने ऐकले आहे. सूर आणि वळणे बरीच जुळली आहेत, पण श्वास कुणाचाच नाही.

ऐकायची सुरुवात ‘कानाशिइ साके’ पासून करू नका. आधी ‘ओमात्सुरी माम्बो’ ऐका, मग ‘टेक द ए ट्रेन’, मग ‘रिंगो ओइवाके’ तीन-चार वेळा, कानात हेडफोन घालून. त्यानंतर ‘इप्पोन नो एन्पित्सु’. एवढे झाल्यावर बाईंना वर्गात तेच गाणे पुन्हा लावायला सांगा, आणि पहिल्या ओळीनंतर ती श्वास कुठे घेते तेवढे शोधा.